नळेगावकर बाईंची मोठी अक्षरं

नळेगावकर बाईंना कुणी काही दाखवलं, की त्या वस्तूकडे बघण्याआधी त्या दाखवणाऱ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "काय दिसतंय ते बोल." बेंबळीच्या शाळेत भूगोल शिकवताना लागलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. मग समोर नकाशा असो, नाहीतर बाजारातलं वांगं. एकदा माझ्यादेखत त्यांनी भाजीवाल्यालाच हा प्रश्न टाकला. तो गोंधळून म्हणाला, "वांगं हाय की, बाई."

"आन् देठापाशी?"

"भोक हाय."

"मग ते आधी बोलायचं. वांगं हाय ते मला बी कळतंय."

भाजीवाला हसला, शेजारचा मिरचीवालाही हसला. बाईंनी ते वांगं बाजूला ठेवलं आणि बाकीची घेतली.

हा प्रश्न त्यांनी मला तर शेकडो वेळा विचारला असेल. एकदा मी त्याचं उत्तर खोटं दिलं. बाईंविषयी लिहायचं, तर ते उत्तर वगळून मला लिहिता येणार नाही.

धाराशिवात बसस्थानकाच्या मागच्या रस्त्याला माझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, टेप, असलं सगळं. मोबाइलवर नकाशे येण्याआधी मी गाडीच्या काचेला चिकटवायची, रस्ता दाखवणारी छोटी यंत्रंही विकायचो. ट्रॅव्हल्सवाले घ्यायचे. पुढे प्रत्येकाच्या खिशात नकाशा आला आणि ती यंत्रं काउंटरखालच्या खोक्यात धूळ खात पडली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी बाई दुकानात आल्या. नेसलेली सुती साडी, पायात मात्र कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर कापडी टोपी.

"रस्ता दाखवायची जुनी यंत्रं हायत म्हणं तुमच्याकडं?"

"आहेत. पण त्यातले नकाशे जुने झालेत, बाई. आता कुणी घेत नाही."

"नकाशा कुणाला पाहिजे? चला, बाहेर चला उन्हात."

त्यांनी एकेक यंत्र चालू करून मला भर उन्हात धरायला लावलं. "काय दिसतंय?" मी म्हणालो, "नुसतं काळं." "ठेवा ते. दुसरं घ्या." असं करत करत एका यंत्रावरची अक्षरं उन्हातही वाचता आली. तेच त्यांनी पसंत केलं. "हे घेऊन जाणार कुठं?" मी विचारलं. बाईंनी बोट सरळ वर केलं.

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण गावाबाहेरच्या धावपट्टीवर तेव्हा काही हौशी मंडळींनी ग्लायडरचा क्लब चालवला होता. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. जमिनीवरचं यंत्र दोर गुंडाळत त्याला पतंगासारखं वर खेचतं, वर गेल्यावर दोर सुटतो, आणि मग तापलेल्या रानातून उठणाऱ्या गरम हवेवर घारीसारखं घिरट्या घालत राहायचं. बाई त्या क्लबात शिकवायच्या. कॉलेजात छात्रसेनेत असताना त्या पुण्याला ग्लायडर उडवायला शिकल्या होत्या. मग वडिलांनी परत बोलावून घेतलं, नोकरी लागली, आणि पुढची सगळी वर्षं जमिनीवर गेली. निवृत्त झाल्यावर त्या पुन्हा वर गेल्या.

त्या यंत्राची करामत त्यांनीच मला समजावली. ग्लायडरसाठी एक फुकट मिळणारा प्रोग्राम असतो. तो कार्डावर घालून कार्ड यंत्रात सारलं आणि थोडी खटपट केली, की यंत्र रस्ते विसरतं आणि उडायचा हिशेब करायला लागतं. मोबाइल ग्लायडरच्या काचेखाली उन्हात तापून बंद पडतो. हे यंत्र मुळात गाडीच्या काचेमागं उन्हात बसायलाच केलेलं. खटपट मी केली. त्याची बॅटरी लवकर दम तोडायची, म्हणून ग्लायडरच्या बॅटरीवरून तार ओढून दिली. वारा, उंची, अंतर असे सगळे आकडे पडद्यावर यायचे. त्यातला एक आकडा जीवाचा. आत्ता इथून निघालास तर घरी पोचशील तेव्हा किती उंची शिल्लक राहील, तो आकडा. "अधिक हाय तवर फिर," बाई म्हणायच्या. "उणे झाला की घर विसर आन् शेत शोध."

पहिल्याच दिवशी माझी खटपट कुठंतरी कमी पडली. बाई वर असताना यंत्राला आपलं जुनं आयुष्य आठवलं आणि आतली बाई हिंदीत "कृपया पीछे मुड़िए" म्हणायला लागली. रेडिओवर आम्हाला खाली ऐकू आलं ते बाईंचं उत्तर: "अगं, रस्ता असला तर वळंन ना माय!" क्लबचे प्रमुख मोहिते साहेब हवाई दलातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. तेही हसू आवरू शकले नाहीत.

यंत्राच्या निमित्ताने मी धावपट्टीवर जायला लागलो आणि चाळिशी ओलांडल्यावर ग्लायडर शिकलो. बाई मागच्या सीटवर बसायच्या. गप्प बसलेला विद्यार्थी त्यांना चालायचा नाही.

"काय दिसतंय, रमाकांत?"

"धावपट्टी दिसतीय, बाई."

"धावपट्टी पळून जाती का? हवेत काय हाय?"

"उजव्या हाताला घार आहे."

"चढतीय का उतरतीय?"

"चढतीय."

"मग हितं काय करतोस? जा की तिच्याकडं! आन् बोलत राहा. जे दिसलं आन् बोलला न्हाईस, ते दिसलंच न्हाई असं धरायचं."

मी पहिल्यांदा एकटा उडालो तेव्हा मागच्या रिकाम्या सीटला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होतो. उतरल्यावर मोहिते साहेबांनी विचारलं, "कुणाशी गप्पा चालल्या होत्या?" बाई म्हणाल्या, "माझ्याशी."

बाईंच्या मनात ईटला जायचं होतं. भूम तालुक्यातलं ईट. त्यांची पहिली नेमणूक तिथल्या शाळेत होती. नवीन असताना त्यांनी वर्गात सांगितलं होतं, की मी विमान उडवलंय. पोरं खदाखदा हसली होती. एक जण उठून म्हणाला होता, "बाई, थापा मारताव व्हय?" ही गोष्ट त्या हसत सांगायच्या, पण दर वेळी सांगायच्या. धावपट्टीवरून ईट पन्नास किलोमीटरच्या पलीकडं. एकट्यानं तेवढं अंतर कापलं की ग्लायडरवाल्यांना रौप्य बिल्ला मिळतो. तरुणपणी तो त्यांचा हुकला होता. "बिल्ला गेला खड्ड्यात," त्या म्हणायच्या. "मला त्या शाळंवरनं एक चक्कर मारायचीय. ती पोरं आता आजोबा झाली असतील. झाली तर झाली."

त्या तयारीत असतानाच त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, "ऊन लई झालंय रे. अक्षरं मोठी कर." त्या प्रोग्राममध्ये पडद्यावर चौकटी कमीजास्त करता येतात. मी चार आकडे काढून टाकले, उरलेले मोठे झाले. काही आठवड्यांनी पुन्हा, "अजून मोठी." मी नकाशा काढला. मग वारा काढला. दर वेळी मी आनंदानं करत होतो. खोटं कशाला सांगू, मला माझ्या कसबाचं कौतुक वाटत होतं. भंगारातल्या यंत्रातून मी बाईंसाठी काय काय करून दाखवतो, हे क्लबातल्या लोकांना सांगत फिरायचो. शेवटी पडद्यावर एकच आकडा राहिला, घरी पोचण्याचा. तो इतका मोठा, की शेडच्या दारातून वाचता यायचा. पण एक दिवस शेडच्या सावलीत, जिथं उन्हाचा प्रश्नच नव्हता, बाई यंत्र डोळ्यांच्या एका कोपऱ्याला धरून तिरक्या बघताना मला दिसल्या. मी बघितलं आणि तार गुंडाळत राहिलो.

त्यानंतर तामलवाडीचं झालं. बाई तुळजापूरच्या घाटाखाली गेल्या होत्या. तिथं हवा बसली, आकडा उणे झाला, घाट चढून घरी येणं शक्य राहिलं नाही. त्यांनी तामलवाडीजवळ ज्वारी काढलेल्या शेतात ग्लायडर उतरवलं. आमच्यात रीत अशी, की बाहेर उतरलेल्याला आणायला जो जाईल त्याला उतरणाऱ्यानं जेवू घालायचं. म्हणून बाई उडताना कायम धपाटे बांधून घ्यायच्या. मी गाडीला लांब ट्रॉली जोडून गेलो तेव्हा अर्धं गाव जमलं होतं आणि बाई ग्लायडरच्या पंखाखाली बसून पोरींना वाऱ्याच्या दिशा शिकवत होत्या.

"आला बघा माझा टांगा," मला बघून त्या म्हणाल्या. "बस. आधी जेव."

शेताचा मालक मला म्हणाला, "बाईंनी कमालच केली, साहेब. इहिरीच्या कडंनं नेलं इमान. म्या डोळंच मिटलं. बाई, इहीर दिसली न्हाय व्हय तुमाला?"

"दिसली म्हणूनच तर बाजूला घेतलं," बाई म्हणाल्या.

मी धपाटं हातात घेऊन चाकाची रेघ बघत मागं गेलो. ग्लायडरला मधोमध एक चाक असतं. त्याची रेघ मऊ रानात स्पष्ट उमटली होती. विहिरीला जमिनीलगत बुटका कठडा होता, आणि रेघ त्याच्या इतक्या जवळून गेली होती की पंख कठड्यावरून गेला असणार. विहीर दिसून बाजूला घेतलं असतं तर रेघ कुठंतरी वाकली असती. ती शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतासारखी सरळ होती. बाईंना विहीर दिसलीच नव्हती.

मी परत आलो. बाईंनी माझ्याकडं मान थोडी वळवून, तशाच तिरक्या नजरेनं बघितलं.

"काय बघून आलास? काय दिसतंय?"

त्यांनी नेमकं विचारलं होतं. आज मला वाटतं, त्यांना स्वतःलाच ते कुणाकडून तरी ऐकायचं होतं. भोवती गाव उभं होतं, पोरी त्यांच्याकडं डोळे विस्फारून बघत होत्या, आणि मला त्यांचा तो थाट मोडवला नाही.

"काही नाही, बाई," मी म्हणालो. "रान चांगलं आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांनी दह्याचा डबा माझ्यापुढं सरकवला.

तो उन्हाळा सरला. पुढच्या उन्हाळ्यात हवा चांगली मिळेल असा अंदाज आला आणि बाईंनी जाहीर केलं, की उद्या मी ईटला निघणार. एकटी. त्या संध्याकाळी मी मोहिते साहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. विहीर, रेघ, मोठी अक्षरं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुम्ही बाईंना सांगितलंत?" मी नाही म्हणालो. "मग मलाच विचारावं लागेल," ते म्हणाले.

सकाळी बाई आल्या त्या नवीन टोपी घालून. कमरेला धपाट्यांची पुरचुंडी. साहेबांनी त्यांना शेडच्या दारात थांबवलं आणि पलीकडं उभ्या असलेल्या दुसऱ्या ग्लायडरच्या शेपटीवरचा नंबर वाचायला सांगितला. त्या जागी कायम उभं असणारं ग्लायडर त्यांनी स्वतः कितीदा उडवलेलं. पण साहेबांनी आदल्या संध्याकाळी ते हलवून तिथं पाहुणं आलेलं नवं ग्लायडर लावून ठेवलं होतं. बाईंनी पाठ असलेला जुना नंबर खणखणीत आवाजात सांगितला.

कुणी काही बोललं नाही. बाईंना त्या शांततेवरूनच कळलं.

"कोण बोललं तुम्हाला, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. बाईंनीही मान वळवली.

"तामलवाडीला मी विचारलं होतं तुला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तिथं बोलला असतास तर मी माझी उतरले असते. असं दारात उभं राहून न्हाई."

त्यांनी पुरचुंडी सोडून माझ्या हातात दिली आणि साडीचा पदर खोचून त्या फाटकाकडं चालू लागल्या. ते धपाटे मी खाल्ले नाहीत. टाकूनही देता येईनात. त्यांचं मी पुढं काय केलं ते मला आठवत नाही.

खरी शिक्षा पुढं होती. बाईंना त्यांच्या भावजयीनं, सुधावहिनींनी, सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. गाडी माझी होती, म्हणून मीही होतो. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आला असता, तर इंजेक्शनं देऊन बरंचसं राखता आलं असतं. इतके दिवस तुम्हाला वाचायला त्रास झाला नाही?" बाई म्हणाल्या, "माझी अक्षरं मोठी होती."

त्यांनी ते साधेपणानं सांगितलं होतं. माझ्याकडं बघून म्हणाल्या नव्हत्या. मी खाली बघत उभा होतो. वर्षभर आधी म्हणजे तामलवाडीच्या आसपास. आणि त्याच्या आधीपासून मी काय करत होतो, तर त्यांचा आजार त्यांना स्वतःला कळू नये इतक्या सफाईनं आकडे मोठे करत होतो.

येताना गाडीत मी माफी मागितली. बाई मागं बसल्या होत्या, ग्लायडरमध्ये बसायच्या तशा. "पुढं बघून चालव," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, घाट लागल्यावर, "काय दिसतंय?" मी बोलायला लागलो. ट्रक, वळण, कठडा, घाटातली माकडं. घर येईपर्यंत बोलत होतो.

पुढं बाई तुळजापूरला सुधावहिनींजवळ राहायच्या, आणि दर रविवारी मी त्यांच्याकडं जायचो. यंत्र त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं. तो प्रोग्राम सुरू होताना आधी विचारतो, खरं उडायचंय की नुसता सराव. बाई मला बटण दाबायला लावायच्या आणि म्हणायच्या, "विचारतंय बघ मेलं. खेळायचं म्हण." मग मी पडद्यावरचं विमान बोटानं हलवायचो, त्या डोळे मिटून बसायच्या. "बार्शीकडनं वारा हाय असं धर. आता काय?" कधी खेळता खेळता त्या गप्प व्हायच्या. मग सुधावहिनी चहा आणायच्या आणि आम्ही यंत्र बंद करायचो.

पुढच्या उन्हाळ्यात त्या म्हणाल्या, "ईटला तू जा."

"तुमच्याशिवाय मला नको, बाई."

"मला कुठं सोडून चाललास? यंत्र घेऊन जा. अक्षरं बारीक करू नको. आन् तिथनं फोन कर."

मी गेलो. एकच भलामोठा आकडा समोर आणि मी एकटा, मोठमोठ्यानं बोलत. काळी रानं, मधूनच उसाचे हिरवे तुकडे, भूमकडच्या उघड्या माळांवरून उठणारी हवा, एक घार, मग दोन. ईटवर पोचलो तेव्हा शाळेवरून एक चक्कर मारली. मैदानात पोरं होती. काहींनी हात केले. मग उंची संपली आणि गावाबाहेरच्या नांगरटीच्या कडेला उतरलो. बिल्ल्यापुरतं अंतर झालं होतं, पण त्याचा आनंद होईना. कुणी जवळ यायच्या आत बाईंना फोन लावला.

"बोल," त्या म्हणाल्या. "शाळा?"

"शाळा आहे, बाई. पत्रे निळे आहेत."

"आमच्या येळंला कवलं होती. पोरं?"

"मैदानात होती. वर बघत होती."

"हसत होती का?"

"तेवढ्या वरून दिसलं नाही, बाई."

"आन् मैदानाच्या कडंला लिंब होता. मी लावलेला. लई मोठा झाला असंल."

मला हो म्हणता आलं असतं. त्यांना कधी कळलं नसतं.

"नाही, बाई. लिंब नाही. तिथं खोल्या बांधल्यात."

 

"बरं," बाई म्हणाल्या. "टांगा येईपर्यंत सावलीत बस."

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली आणि त्या अंथरुणाला लागल्या. मी गेलो तेव्हा खोलीत माणसं होती. जो तो वाकून म्हणत होता, आज चेहरा टवटवीत दिसतोय, आठवड्यात हिंडायला लागाल. बाई सगळ्यांना हो हो म्हणत होत्या. मला त्यांनी कडेच्या नजरेनं ओळखलं आणि हातानं जवळ बसायची खूण केली. त्यांचा हात नुसती कातडी राहिला होता.

"रमाकांत," त्या म्हणाल्या. श्वास मध्ये मध्ये तुटत होता. "काय दिसतंय?"

खोलीतली माणसं माझ्याकडं बघत होती. सुधावहिनींनी डोळ्यांनीच मला नको म्हणून खुणावलं. पण मी त्यांच्याकडं नीट बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत.

"तुम्ही लई थकलाय, बाई," मी म्हणालो. "उंची फार राहिली नाही."

सुधावहिनींनी तोंडाला पदर लावला. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं. त्यांनी माझा हात दाबला. त्या दाबण्यात जोर नव्हता, पण मला तो कळला.

"आत्ता कसं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.